टाळूला खड्डा

११ जून

ताई,

सुरुवात कशी करायची ते कागद फाडून फाडूनही सुचलं नाही, म्हणून नुसतं 'ताई' लिहिलं. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या दारात ठाण मांडून बसलो होतो. तुझा फोन नंबरही होता तिच्याकडे. पण तू फोन उचलला नसतास तर मला वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर माझी दातखीळ बसली असती.

मला मुलगी झाली. मेच्या मध्यावर. नाक आपल्या आईचं आहे, बिचारीचं. बाकी सगळं तिच्या आईचं. माझी बायको तू पाहिलेली नाहीस. ती शाळेत पहिलीला शिकवते. मी दिवसभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घरी येतो, आणि घरी आल्यावर ती मला एका नजरेत पुढे सरकवते. तुझं तिच्याशी पटेल असं मला उगाच वाटतं.

आई आमच्याकडेच आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. गल्लीतल्या बायका अजूनही तान्ह्या बाळांचं काही झालं की आधी तिच्याकडे येतात, मग डॉक्टरकडे.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. वजन धरत नाही. चोखायला लागते, चोखते, चोखते, घामाघूम होते आणि झोपून जाते. पुन्हा भुकेने उठते. बायकोची छाती दुखून दगड झालीय आणि पोरीचं पोट रिकामं. आई म्हणते, आळशी आहे, बापावर गेलीय.

पत्र इथेच संपवणार होतो. पण खरं विचारायचं ते विचारतो.

तुझ्या बाळाच्या नाकातून दूध यायचं. मी तेव्हा नववीत होतो. तू त्याला माझ्या मांडीवर देऊन अंघोळीला गेलीस आणि त्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून दूध आलं. मी माझ्या रुमालाने पुसलं. मुंगीचंही येतं. आई म्हणते, सगळ्याच बाळांचं येतं. तुझ्या वेळीही ती हेच म्हणायची. ताई, तुझ्या बाळाचं दर वेळी यायचं का? एवढंच कळव. एका ओळीचं कार्ड चालेल. तुला हे आठवायला लावतोय, हे मला कळतं. तरी विचारतोय.

आईला हे पत्र माहीत नाही.

तुझा धाकटा

३ जुलै

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मुंगीला थांबायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. आईही आली. "पोरीला काही झालेलं नाही, पण तुम्ही दोघं तिथे भांबावाल," म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुंगीला रडू दिलं. आई म्हणाली, "अहो, उचला तिला." त्या म्हणाल्या, "आजी, रडताना तोंड पूर्ण उघडतं, तेवढंच बघायचंय." मग छोटी बॅटरी आत धरली, चपट्या पट्टीने जीभ खाली दाबली आणि आम्हा तिघांना एकेक करून वाकायला सांगितलं.

मी पाहिलं. वरचा ओठ, हिरड्या सगळं नीट. पण मागे, जिथे तोंडाचं छत असतं, तिथे मधोमध फट. फटीतून वर काळोख. पडजीभ दोन तुकड्यांत. ओठ फाटलेला असता तर जन्मल्याबरोबर कुणालाही दिसलं असतं. हे आत होतं, म्हणून दिसलं नाही.

टाळू दुभंगलेली आहे, असं म्हणतात त्याला. छताला भोक असल्यामुळे पोरीला ओढ लागत नाही. फुटक्या नळीने सरबत ओढायला जावं तसं. ती सगळी ताकद लावते, दूध थोडंसं येतं, त्यातलंही नाकात चढतं. कधी चुकून श्वासात जातं. ती आळशी नव्हती, ताई. ती आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त मेहनत करत होती.

बायकोने विचारलं, "माझ्याकडून काय झालं? मला सुरुवातीला खूप उलट्या झाल्या. मी शाळेत शेवटपर्यंत उभी राहून शिकवलं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "हे बघा. बाळाच्या तोंडाचं छत दोन बाजूंनी वाढत येतं आणि मधे जुळतं. तिसरा महिना संपायच्या आत हे होऊन जातं. तुम्ही तेव्हा नीट कुणाला सांगितलंही नसेल की दिवस गेलेत. काही बाळांचं जुळत नाही. का, ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. कधी घराण्यात असतं, कधी नसतंही. पण तुम्ही उभ्या राहिलात म्हणून नाही, काही खाल्लं म्हणून नाही, आणि जन्मानंतर कुणी काही केलं म्हणून तर नाहीच नाही. ती अशीच जन्मली."

बायको रडली. पण ते वेगळं रडणं होतं, डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घेतल्यावर मान दुखते तसं.

मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं होतं का? एखादं बाळ, ज्याला दूध ओढता येत नव्हतं?"

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही."

त्यांनी पाजायचं कसं ते शिकवलं. दूध काढून घ्यायचं. मुंगीला आडवं नाही, बसतं धरायचं. मऊ बाटली दाबून हलकी हलकी धार द्यायची, नाहीतर चमच्याने. मधे मधे ढेकर. एवढंच. पहिल्याच दिवशी ती पोटभर प्यायली आणि इतकी गाढ झोपली की बायको सारखी तिच्या नाकापुढे बोट धरून बघत होती. वर्षाच्या आसपास शस्त्रक्रिया करून टाळू शिवतात. नंतर कानांकडे लक्ष द्यावं लागतं आणि बोलणं शिकवावं लागतं. बायको म्हणाली, "प, फ, ब, भ मी शिकवीन. त्यासाठीच सरकार पगार देतं मला."

८ जुलै

वरचं पत्र पोस्टात टाकलं नाही. खिशात घालून फिरतोय, तिकिटांच्या गठ्ठ्याशेजारी.

दवाखान्यातून आल्यापासून आई माझ्याशी बोलली नव्हती. काल कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तिला लिहितोयस ना?"

"हो."

"लिहू नकोस."

मला वाटलं, तिला स्वतःची लाज वाटते. तू घर सोडून गेलीस ते तिच्या त्या वाक्यामुळे. बाळ गेल्यावर भरल्या घरात ती म्हणाली होती, "दुधाने भरलेली बाई आणि पोर उपाशी मेलं." ते वाक्य माझ्याही कानातून गेलेलं नाही. मी चिडून म्हणालो, "तिचा दोष नव्हता हे तिला कळायला नको?"

आई म्हणाली, "दोष नव्हता हे एकदा कळेल. आणि चमच्याने पाजलं असतं तर जगला असता, हे रोज कळेल. ती मला शिव्या देत जगतेय, तशीच जगू दे. मला चालतंय."

तेव्हापासून मी विचार करतोय. आई म्हणते ते खोटं नाही. तुला हे पत्र पाठवून मी तुझ्या पाठीवरचं एक ओझं काढणार आणि दुसरं ठेवणार. पण तुझ्या जागी मी असतो तर मला कळायला हवं होतं, असं ठरवून टाकतोय. चुकलं असेल तर तुझं घर आता इतकं लांब आहे की तू मला मारू शकत नाहीस.

ताई, तुझ्या बाळाची टाळू दुभंगलेली असणार. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

धाकटा

२० जुलै

धाकट्या,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर लिहिलं होतं, "हो, दर वेळी". पाकीट बंद केलं, पण टपालपेटीपर्यंत जाववलं नाही. मुंगीला नेलंत ते बरं केलंत.

इथे मी शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यात आम्ही बारा बायका आहोत. त्यांच्यापैकी कुणालाही मला मूल होतं हे माहीत नाही. तुझं पत्र मी मशीनवर बसून वाचलं आणि शेजारणीने विचारलं, काय झालं, तर सांगितलं, भावाला मुलगी झाली. तिने सगळ्यांना चहा पाजला. म्हणजे तुझ्या मुलीचा चहा इथे झाला.

आता तुला एक सांगते. आईला सांगायचं की नाही ते तू बघ.

मला ते भोक माहीत होतं.

त्याला भूक लागली की मी करंगळी त्याच्या तोंडात द्यायचे. एकदा करंगळी वर गेली आणि वर काहीच लागलं नाही. मऊ, पोकळ. मी घाबरले. आई चुलीपाशी होती. मी तिला म्हटलं, "आई, याच्या टाळूला खड्डा आहे." आई म्हणाली, "वेडी की काय, सगळ्याच बाळांच्या टाळूला असतो. वर्षभरात भरते. तेल घालत जा." आणि उठून तिने त्याच्या डोक्यावर तेल घातलं. डोक्यावर, धाकट्या. मी तोंडातली टाळू म्हणत होते, तिने डोक्यावरची ऐकली.

मला तेव्हा हे कळलंच नाही. मला वाटलं तिला तोंडातलंच कळलंय, आणि डोक्याला तेल घातलं की तेही भरत असेल. आईला बाळांचं सगळं कळतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी एकोणीस वर्षांची होते. मी रोज तेल घालत राहिले. रोज करंगळीने बघायचे, भरलं का.

चमच्याने मी त्याला पाजत होते. कुणी शिकवलं नव्हतं. उभं धरलं की कमी ठसकतो हे त्याचं तोच दाखवायचा. ताप आला नसता तर कदाचित जमलं असतं. कदाचित नसतंही. तू लिहिलंस ते कळून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. आधी निदान रागावर टेकून बसता यायचं.

तुझ्या बायकोला सांग, चमचा पसरट नको, खोल आणि लहान घे. जिभेवर ओतू नकोस, गालाच्या आतून सोड. दूध कोमट असू दे, ती लवकर दमणार नाही.

ताई

२९ जुलै

ताई,

खोल लहान चमचा आणला. बाटलीपेक्षा त्याने बरं जमतं. बायको म्हणते, ताईंना सांग की सगळ्या डॉक्टरांत त्या एक नंबर.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तू माझ्यावर सोडलं होतंस, म्हणून दोन-तीन दिवस टाळलं. पण पाकिटावरचं अक्षर तिने ओळखलं होतं. दुपारी मुंगी झोपली तेव्हा भाजी निवडायला बसली आणि म्हणाली, "वाच. गाळू नकोस. तू गाळलंस की तुझा आवाज बदलतो."

मी गाळलं नाही.

तेलाशी आलो तेव्हा तिचे हात थांबले. मी पुढे वाचत गेलो. संपल्यावर ती म्हणाली, "ते मधलं परत वाच." मी वाचलं. "परत." मी परत वाचलं. मग ती हळूच म्हणाली, "टाळू म्हणाली होती ती. हो. टाळूच म्हणाली होती." आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात तोंडाशी नेला. जणू दोन्ही जागा तपासून बघत होती.

"मी नुसतं उठून तोंडात बघायला हवं होतं," म्हणाली. "एवढ्या बायकांची पोरं बघितली. माझ्या पोरीचं बघायला दोन पावलं होती."

मी म्हणालो, "आई, तुलाही माहीत नव्हतं." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी पलीकडच्या घरची सून तिचं बाळ घेऊन आली, पोट दुखतंय म्हणून. आईने बाळाला हातही लावला नाही. म्हणाली, "डॉक्टरकडे ने. मला काही कळत नाही." ती सून हसली, तिला वाटलं थट्टा आहे. आईने दार लावून घेतलं.

आता ती माझ्या शेजारी बसलीय. 'लिही' म्हणाली. मी पेन धरून बसलोय. चहा निवला. परत विचारलं, काय लिहू? तर म्हणते, "राहू दे. लिहिण्यासारखं नाही ते."

म्हणून एवढंच लिहितो की ती इथे बसलीय.

धाकटा

३० एप्रिल

ताई,

तू गेल्याला आठवडा झाला. तू असताना जे झालं ते तुला माहीत आहे, तरी थोडं लिहितो, कारण तू एकीकडे होतीस आणि मी दुसरीकडे, आणि मला जे दिसलं ते तुला दिसलं नसेल.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. शस्त्रक्रियेची तारीख कळवली तेव्हा आपलं कळवायचं म्हणून कळवली होती. त्या दिवशी सकाळी मुंगीला आत नेलं. आई बाकावर होती. आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का, आणि आईने सरळ सांगितलं होतं, "माझ्या नातवाला होतं. आम्हाला कळलं नाही. तो गेला." डॉक्टरांनी लिहून घेतलं. आई बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्याचा कुठेतरी उल्लेख झाला." तू जिन्याने वर आलीस ते मी आधी पाहिलं. हातात पिशवी, केस पांढरे. मी तुला ओळखलं आणि ओळखलं नाही. आईने मान वर केली. तू तिच्याकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. तिथे कुणी बसलं नाही. दवाखान्यात इतकी गर्दी होती, लोक उभे होते, पण ती जागा कुणी घेतली नाही.

मुंगी बाहेर आली तेव्हा तोंडाला रक्ताचे डाग आणि दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधलेल्या, बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून. जागी झाल्यावर ती जे रडली ते तू ऐकलंसच. तिला चोखायला द्यायचं नव्हतं, बाटलीही नाही. बायको चमचा तिच्या तोंडाशी नेई आणि मागे घेई. परिचारिका म्हणाली, "दूध पोटात गेलंच पाहिजे." तेव्हा तू पुढे झालीस. मुंगीला उभं धरलंस, तिचं डोकं तुझ्या कोपरात बसवलंस आणि चमचा गालाच्या आतून सोडलास. पहिला घोट बाहेर आला. दुसरा अर्धा. तिसरा गेला.

तुझी पाठ आमच्याकडे होती. आई उठून तुझ्या मागे उभी राहिली होती, भिंतीला धरून. किती तरी वेळ ती नुसती तुझे हात बघत होती. मग तिने विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

तू मागे वळली नाहीस. म्हणालीस, "त्यानेच."

आईने भिंत सोडली आणि खाली फरशीवर बसली. मी धावलो. तिने हाताने मला थांबवलं. तू पाजत राहिलीस. वाटी रिकामी झाल्यावर मुंगीला बायकोकडे दिलंस, पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस आणि वाकून आईच्या हातात ठेवलीस. तुम्ही दोघी तेवढ्यावरच थांबलात. मला त्याहून जास्त हवं होतं. मी मूर्ख आहे.

जाताना स्टँडवर तू मला म्हणालीस, "मी तिला माफ केलं असं घरी जाऊन सांगू नकोस. मी केलेलं नाही. तिनेही मागितलेली नाही. मी नुसती आले होते." मी सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. तू बसमध्ये चढलीस तेव्हा आमच्या डेपोचाच कंडक्टर होता. मी त्याला सांगितलं, माझी बहीण आहे, खिडकीची जागा दे. त्याने दिली ना?

आता कालचं लिहितो. टाके बरे झालेत, असं सांगून काल हातांच्या नळ्या काढल्या. घरी येऊन बायकोने मुंगीला कपाने दूध दिलं, घोट घोट. आम्ही सवयीने फडकं तिच्या नाकाशी धरून बसलो. एक घोट, दुसरा घोट. फडकं कोरडं. बायकोला हसू फुटलं, मग मलाही. मुंगीने आम्हाला हसताना पाहिलं आणि कप पालथा केला. सगळीकडे दूध.

आई उठून मागच्या गॅलरीत गेली. मला वाटलं पुसायला फडकं आणायला गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेलो. ती कठड्याला धरून उभी होती. रडत नव्हती. रस्त्याकडे बघत म्हणाली, "इतकंच होतं का रे ते?"

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. खाली शाळा सुटली होती, पोरं ओरडत चालली होती. ती सगळी जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग आत मुंगी रडायला लागली आणि आई म्हणाली, "चल, तिला भूक लागली असेल."

पुढच्या महिन्यात तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेणार आहोत. तुला यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी मी लिहीनच.

तुझा धाकटा